दीडपटीचा हिशोब

पुण्याहून नांदेडला जायचं तर आमच्याकडच्या पोरापोरींना दोन जागा ठाऊक असतात. एसटीला वाकडेवाडी आणि ट्रॅव्हल्सला संगमवाडी. नोकरी लागल्यापासून मी शक्यतो वाकडेवाडीच गाठते, कारण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे आणि नव्या नोकरीच्या पगारात तो मोठा आधार असतो. गेल्या दिवाळीत मात्र एसटीचं आरक्षण बघता बघता भरलं आणि रेल्वेची वेटिंग लिस्ट जागची हलेना. आजीची तब्येत बरी नव्हती, वसुबारसेला घरी पोचायचंच होतं. ट्रॅव्हल्सचं ॲप उघडलं, तर एरवी नऊशे-हजाराला मिळणारी एसी स्लीपरची जागा २,६०० रुपयांना होती.

संगमवाडीला जाऊन विचारावं, कदाचित थोडं कमी होईल, म्हणून संध्याकाळी तिथे गेले. बुकिंगवाला म्हणाला, "ताई, दिवाळीचा रेट आहे. काल आला असता तर बावीसशेत बसवलं असतं. रात्रीपर्यंत तीन हजार होईल, बघा तुम्हीच." तो उर्मट नव्हता. दिवाळीत गाडी इकडून भरून जाते आणि येताना रिकामी येते, डिझेल तर दोन्हीकडचं लागतं, हेही त्याने नीट समजावून सांगितलं. मी तिथेच उभी राहून मोबाइलवर पैसे भरले आणि घरी गेले.

घरात विषय काढला. बाबा म्हणाले, दरवर्षीचंच आहे, दिवाळीत कोण हिशोब करतं. चुलतभाऊ म्हणाला, मागणी-पुरवठा आहे, विमानाचं तिकीट नाही का वाढत? लातूरची मावशी म्हणाली, सोडू नकोस, ग्राहक मंचात जा. सगळ्यांनी आपापलं मत दिलं, पण असं करायला कायद्याची परवानगी आहे की नाही, हे एकालाही ठामपणे सांगता आलं नाही. मला ते खटकलं. लाखो माणसं दर दिवाळीला आणि दर गणपतीला हे पैसे मोजतात आणि ते घेणारा कायद्यात बसतो की नाही, हे कुणालाच माहीत नसावं! भाऊबीज झाल्यावर मी कायदा शोधायला बसले. माझं शिक्षण बी.कॉम., कायद्याशी संबंध परीक्षेपुरता.

माझी समजूत अशी होती की अडलेल्या माणसाकडून अव्वाच्या सव्वा पैसे घ्यायला बंदी करणारा एखादा कायदा असेल, त्यातलं कलम सापडलं की झालं. असा एक कायदा आपल्याकडे नाहीच. तुकडे आहेत. वस्तूच्या पाकिटाला एक, औषधाला दुसरा, धान्य-कांद्याला तिसरा, गाडीभाड्याला चौथा, आणि प्रत्येकाचं खातं वेगळं. एका खात्यात फोन केला की ते दुसऱ्याचं नाव सांगतात, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नसतं.

त्यातला पाकिटाचा कायदा मला सगळ्यात आधी कळला, तोही पुण्याला परत येताना. गाडी जेवायला थांबली. बाहेरच्या टपरीवर एक लिटर पाण्याची बाटली घेतली, त्याने तीस रुपये मागितले. मी बाटली फिरवून पाहिली. झाकणाच्या खाली, शाई थोडी पसरलेल्या अक्षरांत किंमत होती, २० रुपये, सर्व करांसहित. त्याच्यासोबत पॅकिंगचा महिना, निव्वळ प्रमाण, तक्रारीसाठी कंपनीचा फोन. "दादा, यावर वीस लिहिलंय," एवढंच बोलले. त्याने वीस घेतले. एका शब्दाने वाद झाला नाही. पाकिटाचा कायदा तो हाच, वैध मापन शास्त्र अधिनियम २००९चा आणि त्याखालचे आवेष्टित वस्तूंचे नियम २०११चे. छापील किमतीपेक्षा जास्त किमतीला पाकीटबंद वस्तू विकता येत नाही, हे त्या टपरीवाल्यालाही माहीत होतं आणि मलाही. गारव्याचे, फ्रिजचे वेगळे पैसे लावणं त्यात बसत नाही.

पण त्याच ढाब्यात आत, टेबलावर बसून तीच बाटली मागवली असती तर? डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हॉटेल आणि रेस्टॉरंट छापील किमतीपेक्षा जास्त लावू शकतात, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायला जागा आणि सेवाही असते. म्हणजे दाराच्या बाहेर जो गुन्हा ठरतो तो आतल्या टेबलावर व्यवहार ठरतो. मला हे पचायला वेळ लागला. त्याहून जास्त वेळ लागला तो दुसरी गोष्ट पचायला. बाटलीवरचे वीस रुपये ठरवतं कोण? मी सरकार समजत होते. ठरवते ती कंपनी. तिने उद्या चाळीस छापले तर या कायद्याला त्यात काही वावगं दिसत नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की तू जे छापलंस त्याच्या वर जाऊ नकोस.

सरकार स्वतः आकडा ठरवतं तेही पाहिलं. औषधांसाठी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण आहे, २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली ते कमाल किमती जाहीर करतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटला फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी अशीच मर्यादा घातली, साध्याला ७,२६० रुपये आणि औषधयुक्त स्टेंटला २९,६०० रुपये. त्याआधी रुग्णाच्या बिलात त्यासाठी लाखाच्या पुढचे आकडे लागत. कोरोनाच्या सुरुवातीला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू कायद्यात आणले. तेव्हा मी कॉलेजात होते, पण घरातल्या मेडिकलच्या पिशव्या आठवतात. मार्च २०२०च्या आदेशात तीन पदरी मास्क दहा रुपयांच्या वर विकायचा नाही, दोन पदरी आठच्या वर नाही आणि २०० मिलीची सॅनिटायझरची बाटली शंभराच्या वर नाही, असं स्पष्ट रुपयांत लिहिलेलं होतं. महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी मे महिन्यात खासगी दवाखान्यांतल्या कोरोना खाटांचे दिवसाचे दर बांधले, साध्या वॉर्डला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००.

माझी एक मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला वणवे लागले तेव्हा तिच्या ओळखीच्या कुटुंबाला घर सोडावं लागलं होतं. तिने सांगितलं की तिथे आणीबाणी जाहीर झाली की आदल्या दिवशीच्या किमतीवर दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हॉटेलची खोली असो, घरभाडं असो की पाणी. म्हणजे दुकानदाराची कालची किंमत हीच त्याच्यावरची मर्यादा. सरकारला एकेका वस्तूचा दर बसून ठरवावा लागत नाही. मला ही पद्धत फार आवडली. पण तीसुद्धा आणीबाणी जाहीर झाल्यावरच लागू होते, आणि दिवाळी ही काही आणीबाणी नव्हे.

एवढं वाचल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट पक्की बसली. "फार जास्त घेतले" ही तक्रार कायद्यात कुठेच बसत नाही. किती जास्त, आणि कशापेक्षा जास्त, हे दाखवावं लागतं. आधी कुठेतरी आकडा लिहिलेला हवा. टपरीवर मी जिंकले कारण आकडा बाटलीच्या अंगावर होता. मग माझ्या तिकिटाचा आकडा कुठे होता?

इथे एक गोष्ट मधेच सांगायला हवी, कारण मैत्रिणीला शब्द दिला आहे. ती निफाडकडची, घरी कांदा. मी मोठ्या उत्साहाने तिला जीवनावश्यक वस्तू कायद्याबद्दल सांगायला लागले, तशी ती गप्प झाली. मग म्हणाली, "तुमच्यासाठी भाव पाडतात ना, तेव्हा आमच्या घरात काय होतं ते पण लिही." डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. त्या काळात बाजार समितीत भाव कोसळले. कांदा चढला की साठ्यावर मर्यादा येते, निर्यात थांबते, आणि तोच कांदा मातीमोल विकला जातो तेव्हा कमाल किमतीसारखी किमान किंमत कोणी लिहून देत नाही. ती बरोबर बोलते असं मला वाटतं. ग्राहकाला वाचवताना शेतकऱ्याचा खिसा कापायचा असेल तर ते संरक्षण माझ्या नावावर नको. गाडीभाड्यात निदान तसं नाही, तिथे मर्यादा घातली म्हणून शेतकऱ्याचा खिसा कापला जात नाही.

तर गाडीभाडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ने राज्य सरकारला भाडं ठरवायचा अधिकार दिलेला आहे, आणि त्यात खासगी गाड्याही येतात. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यानंतर महाराष्ट्र सरकारने २७ एप्रिल २०१८ला शासन निर्णय काढला. सोप्या भाषेत सगळे त्याला दीडपटीचा नियम म्हणतात. गर्दीच्या हंगामात खासगी गाडीने एसटीच्या त्याच स्वरूपाच्या गाडीच्या भाड्यापेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. संगमवाडीच्या त्या बुकिंगवाल्याची रिकाम्या गाडीची अडचण खरी होती, पण वरचे पन्नास टक्के दिलेत त्यात तसल्या अडचणी बसाव्यात असं मला वाटतं.

मला वाटलं, सापडला आकडा. कॅल्क्युलेटर घेतला आणि तिथूनच खरा गोंधळ सुरू झाला.

पहिला प्रश्न, एसटीचं भाडं म्हणजे कुठलं? मी एरवी देते ते निम्मं की पूर्ण? हिशोबाला पूर्णच धरायचं, कारण सवलत ही माझी आहे, गाडीची नाही. मग कुठल्या गाडीचं? माझी खासगी गाडी एसी स्लीपर, दोन आणि एक अशा बर्थची. एसटीकडे साधी गाडी आहे, निमआराम आहे, शयन-आसनी आहे, शिवशाही आहे, आणि त्या रात्री नांदेडला जाणारी हुबेहूब माझ्यासारखी गाडी मला एसटीच्या वेळापत्रकात दिसली नाही. मी एकेक धरून पाहिली. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात, तसा पुणे-नांदेडचा हिशोब मांडला. कुठलीही गाडी धरली तरी दीडपट अठराशेच्या पुढे जाईना. माझ्याकडून सव्वीसशे घेतले होते.

मग शासन निर्णयाची भाषा पुन्हा वाचली. त्यात तुलना एका सीटची नाहीच, संपूर्ण बसच्या प्रति किलोमीटर भाड्याची आहे. याचं कारण शोधताना मला जे कळलं त्याने मी चक्रावले. ट्रॅव्हल्सच्या गाड्या कंत्राटी परवान्यावर चालतात. कायद्यात कंत्राटी गाडी म्हणजे कोणीतरी पूर्ण भाड्याने घेतलेली, लग्नाच्या वऱ्हाडासारखी, वाटेत सुटे प्रवासी न घेणारी. थांब्याथांब्यावर सुटी तिकिटं देऊन प्रवासी घेणं हे एसटीच्या टप्पा वाहतुकीचं काम. आणि तरी संगमवाडीला रोज सीटनुसार तिकिटं विकली जातात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्यामुळे नियम लिहिला पूर्ण बसचा आणि पैसे जातात सीटचे.

याचा फरक फार पडतो. एसटीच्या एसी गाडीत चाळिसाच्या वर आसनं. माझ्या गाडीत तीस बर्थ. पूर्ण बसची दीडपट काढून तीसने भागलं तर एका बर्थची मर्यादा वाढून तेवीस-चोवीसशेपर्यंत जाते. गाडीमालकाच्या सोयीचा यापेक्षा दुसरा हिशोब मला सापडला नाही. त्याने मोजलं तरी सव्वीसशे बसत नाहीत. सीटवर मोजलं तर माझे निदान आठशे रुपये जास्त गेले, बसवर मोजलं तर दोनशेच्या पुढे. दोन्ही हिशोब मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत.

आणखी एक धागा या हिशोबात लपलेला आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. आपल्याला वाटतं ती वाढ एसटीच्या प्रवाशांपुरती. पण खासगी गाडीची मर्यादा एसटीलाच बांधलेली असल्याने त्या दिवशी तीही तितक्याच टक्क्यांनी वर सरकली. एसटीच्या गाड्या कमी पडतात तेव्हा माणूस ट्रॅव्हल्सकडे जातो, आणि एसटी महागते तेव्हा ट्रॅव्हल्सला जास्त घ्यायची मोकळीक मिळते. म्हणून एसटी चांगली आणि पुरेशी चालणं ही जे कधीच एसटीत बसत नाहीत त्यांचीसुद्धा गरज आहे, असं मी आता ज्याला त्याला सांगते.

तिकिटाची पावती पुन्हा नीट पाहिली तेव्हा त्यात २,६०० शिवाय सुविधा शुल्क होतं आणि प्रवास विमा होता. विमा मी मागितला नव्हता, त्यापुढची खूण आधीच केलेली होती. पैसे भरताना वर लाल अक्षरांत "फक्त २ जागा शिल्लक" असं झळकत होतं. रात्री गाडी सुटली तेव्हा माझ्या समोरचे चार बर्थ रिकामे होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला ऑनलाइन फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवणं हे त्यातलेच प्रकार आहेत. ते वाचताना माझ्या मोबाइलच्या पडद्याचं वर्णन वाचतेय असं वाटलं.

१९१५ला फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता आलं, तक्रार क्रमांक मिळाला. ॲपकडून उत्तर आलं की भाडं गाडीमालक ठरवतो, आम्ही फक्त जागा विकायला मदत करतो. विम्याचे पैसे तेवढे परत आले. हेल्पलाइन कंपनीला विचारू शकते, समजावू शकते, निकाल देऊ शकत नाही. परिवहन कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी तिकिटाची प्रत आणि गाडीचा नंबर मागितला. नंबर माझ्याकडे होता, आईला मी प्रत्येक वेळी गाडीच्या पाटीचा फोटो पाठवते. त्या म्हणाल्या, "कारवाई गाडीवर आणि परवान्यावर होते. तुमचे पैसे परत मिळवून देणं आमच्या हातात नाही, त्यासाठी आयोगात जा." मावशी पहिल्या दिवशी म्हणाली होती तेच शेवटी खरं ठरलं. मंचाला आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग म्हणतात एवढंच.

आयोगाच्या नावाने पोटात गोळा आला होता, तो तिथल्या नियमांनीच बराचसा गेला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि २०१९च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे, तक्रार आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दाखल होते. कंपनीचं कार्यालय हैदराबादला असो की दिल्लीला, मला पुण्याबाहेर जावं लागत नाही. मसुदा लिहायला एका ग्राहक संघटनेच्या आजोबांनी मदत केली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हापासून ते या कामात आहेत. २४ डिसेंबर १९८६ला देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्याच्या आधीची बारा वर्षं ही माणसं कायद्याशिवाय भांडत होती. त्यांनी माझ्या मसुद्यातले "लूट", "पिळवणूक" हे शब्द पेन्सिलीने खोडले आणि त्या जागी रुपये लिहायला सांगितले.

तक्रार ऑनलाइन दाखल झाली, नोटीस निघाली. समोरच्याला उत्तराला तीस दिवस असतात, फार तर आणखी पंधरा. उत्तर आलं ते असं की ग्राहकाने किंमत पडद्यावर पाहिली, मान्य केली आणि राजीखुशीने पैसे भरले, म्हणून तक्रारीला जागा नाही.

हा मुद्दा वाचून मी दोन रात्री अस्वस्थ होते, कारण पैसे मी भरले होते हे खरंच आहे. मग कायद्यातली तक्रारीची व्याख्या काढली. जादा किंमत घेतल्याची तक्रार कशी होते याचे तिथे चार मार्ग दिले आहेत. कायद्याने ठरवलेल्या किमतीपेक्षा जास्त, वस्तूवर किंवा वेष्टनावर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त, लावलेल्या दरपत्रकापेक्षा जास्त, किंवा दोघांनी ठरवलेल्या किमतीपेक्षा जास्त. चौघांच्या मधे "किंवा" आहे. मी चौथ्या मार्गाने आलेच नाही, पहिल्याने आले आहे, आणि पहिल्यात ग्राहकाच्या होकाराचा उल्लेख नाही. आजी आजारी असताना दिलेला होकार शासन निर्णयातली मर्यादा वर सरकवू शकत नाही.

हेच मी प्रत्युत्तरात लिहून दिलं आहे. सोबत दोन्ही हिशोब जोडले आहेत, सीटचा आणि बसचा, आणि आयोगाला विनंती केली आहे की यातला कुठला धरायचा ते एकदा ठरवून सांगा. दुसरी मागणी पैशांची नाही. हंगामात तिकीट विकताना त्या मार्गाची कमाल मर्यादा रुपयांत, किमतीच्या शेजारी, पैसे भरायच्या आधी दिसली पाहिजे, पाण्याच्या बाटलीवर दिसते तशी. आजोबांचं मत आहे की ही मागणी जिल्हा आयोगात टिकेल की नाही सांगता येत नाही, पण लिहिलेली असू दे. मी ती ठेवली आहे. पुढची तारीख पडली आहे, त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा घेतली आहे.